घोट्याशी घट्ट

६ मार्च

दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, आजी, पायाला कसं वाटतं ते लिहून ठेवत जा. मी म्हटलं, बाई गं, मला लिहिता आलं असतं तर पायाचं कशाला लिहिलं असतं, दुसरं पुष्कळ होतं. ती म्हणाली, मग कुणाकडून तरी लिहून घ्या. म्हणून समोरच्या दारातल्या टायपिस्टबाई येऊन बसल्या आहेत. जन्मभर कचेरीत साहेब बोलायचे आणि या टाइप करायच्या. निवृत्त झाल्यापासून बोटं शिवशिवतात. आता साहेबांच्या जागी मी. बाई हसताहेत. तेही लिहा बाई. गाळायचं काही नाही आणि माझं बोलणं सुधारायचं तर मुळीच नाही. वही तुमच्याच घरी राहू द्या. उद्या मदतीला कुणी घरात आलं, तर गुपितासाठी दुसरं घर हवं.

तर पाय. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला जखम आहे, वर्ष होत आलं. मलमं झाली, पावडरी झाल्या, ती आपली ठाण मांडून बसली आहे घरजावयासारखी. आज डॉक्टरांनी पायाचा रक्तदाब मोजला. पायालाही तो असतो हे मला या वयात कळलं. मग म्हणाले, रक्त पायात येतं ते नीट येतं, पण परत वर चढायचा कंटाळा करतं. शिरा थकल्या. म्हणून ते खाली साचतं, सूज येते, कातडी फुटते. मलमानं हे भरायचं नाही. बाहेरून दाब द्यायचा, पट्टी आवळून, दिवसरात्र. पट्टी नुसती गुंडाळायची चिंधी नव्हे, तो दाब हेच औषध.

मला ते लगेच पटलं. आमच्या ह्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पानं शिवायचं काम माझं. शिवलेली पानं फुगून बसतात, मिटता मिटत नाहीत. मग लोखंडी दाबाखाली घालायची, वरचं चाक फिरवायचं आणि विसरून जायचं. सकाळी पुस्तक शहाणं झालेलं असतं. एवढी पुस्तकं शिवली, त्यातलं एकही वाचता आलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही हे, त्यांना घाई होती.

आता पट्टी बांधायची कुणी? चार जिने उतरून दर तिसऱ्या दिवशी दवाखाना मला झेपायचा नाही. मुलगा दूरदेशी. तो म्हणाला, बाई ठेवू कामाला, पैशाचं बघतो मी. त्याची पोरं फोनवर आजी आजी करतात आणि काचेला हात लावतात. मीही इकडून लावते. काच गार असते.

१० मार्च

लेक आली. बोलावलं नव्हतं. भावाकडून कळलं आणि तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी.

ती फेरीबोटीवर इंजिन सांभाळते. बोट माणसं आणि गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जाते, आणि ही तळाशी, तेलात. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, इंजिनाला सवत चालत नाही. वर्षातून दोनदा यायची, फळं आणायची, दोन दिवस खुर्चीच्या कडेवर बसायची आणि जायची. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. ह्यांनी तर पोरांच्या डोक्यावर हात ठेवला तोही ताप बघायला.

सिस्टरनं तिला एकदाच दाखवलं. आधी कापसाचा थर, मग एक पट्टी, मग त्यावर जाड पट्टी. बोटांपासून सुरू करायचं, गुडघ्याखाली संपवायचं. घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर जाताना दाब कमी कमी करत न्यायचा, म्हणजे रक्ताला वरची वाट मिळते. लेकीनं एकदा बघितलं आणि बांधलं. सिस्टर म्हणाली, असा हात आमच्याकडे नवीन मुलींना वर्षभर जमत नाही. लेकीला कौतुक झेपत नाही. ती कात्री शोधायला लागली.

आज घरी पहिल्यांदा बांधली. बुटक्या स्टुलावर बसली, माझी टाच मांडीवर घेतली, आणि आधी दोन्ही हातांनी पाय नुसता धरला. सूज किती आहे ते बघत होती. बराच वेळ बघत होती.

बाई, इथे काय सांगायचं ते मला सुचत नाही. पायाला बरं वाटलं असं लिहा.

१९ मार्च

दाबाची सवय होते. पहिले दोन दिवस वाटलं पाय दुसऱ्या कुणाचा आहे आणि तो माझ्यावर रागावलाय. आता पट्टी सुटली की उघडं पडल्यासारखं वाटतं. नुसतं बसून चालत नाही, फिरायचंही असतं. चाललं की पोटरी आतून ढकलते, पट्टी बाहेरून अडवते, दोघींच्या मध्ये सापडून रक्त मुकाट्यानं वर जातं. म्हणून आम्ही मायलेकी गॅलरीत येरझारा घालतो. ती माझं कोपर धरते. मला धरायची गरज नसते. मी सांगितलेलं नाही.

तिची एक गंमत. पट्टी बांधून झाली की निळ्या पेनानं वरपासून घोट्यापर्यंत सरळ रेघ ओढते, सगळ्या वेढ्यांवरून. मी विचारलं, हे काय गं, पायावर रस्ता? म्हणाली, बोटीवर नट आवळला की आम्ही त्याच्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून एक रेघ ओढतो. जित्याची खोड, दुसरं काय. आईचा पाय काय आणि इंजिन काय, हिला सारखंच.

रात्री जेवताना म्हणाली, तिकडे कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही. तक्रार नव्हती. मीठ दे म्हणावं तसं म्हणाली.

३ एप्रिल

सिस्टर येऊन बघून गेली. जखम निम्मी झाली. कडेनं गुलाबी कातडी आत सरकते आहे. सिस्टर म्हणाली, असंच चाललं तर महिन्याभरात बंद होईल आणि तुमची लेक कामावर जायला मोकळी.

लेक म्हणाली, वा. मी म्हटलं, वा. सिस्टरला चहा दिला.

५ एप्रिल

आज जे सांगते ते लिहायचंच आहे, बाई, माझ्याकडे असं बघू नका.

काल दुपारी ती बाजारात गेली होती. पट्टीखाली खाज सुटली होती, हे खरं. म्हणून वरची चिमटी काढली, हेही खरं. पण मग वेढे उलगडत घोट्यापर्यंत गेले आणि परत गुंडाळले ते सैल गुंडाळले. इतके सैल की हात आत जात होता. त्याला खाज कारण नव्हती.

दाब नसला की जखम भरणार नाही. डॉक्टरांनी एवढं समजावून सांगितलेलं, मी काही मठ्ठ नाही.

बाई म्हणाल्या, आजी, हे बरं नाही. म्हटलं, बरं नाही म्हणूनच वहीत आहे. बरं असतं तर गॅलरीत उभी राहून सांगितलं असतं.

१२ एप्रिल

जखम जिथल्या तिथे. पट्टी आपोआप सैल होते. उन्हाळ्याचे दिवस आहेत.

१७ एप्रिल

आज लेकीनं पट्टी सोडायला घेतली आणि थांबली. तिच्या रेघेचे तुकडे तुकडे झालेले होते, एक इकडे, एक तिकडे, एक पार मागच्या बाजूला पोटरीवर. ती बघत बसली. मी म्हटलं, घामानं शाई पसरली असेल. ती म्हणाली, हं.

मग पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली. नेहमीपेक्षा हळू बांधली. बांधून झाल्यावरही पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. तसाच ठेवून मला त्यांच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. त्याला मांजराची भीती आहे आणि बोटीवर मांजर आहे. कप्तान वर असला की मांजर खाली आणि मांजर वर गेलं की कप्तान खाली, असा त्यांचा करार आहे. मी इतकी हसले की ठसका लागला. तीही हसली. तिला हसताना मी कितीतरी वर्षांनी इतक्या जवळून बघितलं. वरचा एक दात तिरका आहे, तो लहानपणापासून.

मग तिनं नवी रेघ ओढली, सरळ.

बाईंनी इथे पेन थांबवलं. म्हणाल्या, आजी, त्या रेघेचं काय ते तुमच्या लक्षात आलं का? म्हटलं, लक्षात यायचंय काय, सवय आहे तिची. बाई पुन्हा लिहायला लागल्या, पण सावकाश. त्यांना हल्ली पेन जड होतं वाटतं.

२५ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. कपाळाला आठ्या. आधी छान भरत होती, मग अडली कशी? पुढच्या महिन्यात फरक पडला नाही तर जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणाले. काय तपासायला, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लेकीकडे बघितलं तर ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती. घाबरली असेल. मला वाटलं होतं ती डॉक्टरांना दहा प्रश्न विचारेल. एकही विचारला नाही. पट्टी कशी बांधता असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, माझंच काहीतरी चुकत असेल.

घरी येताना माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. चौथ्या जिन्यावर धाप लागली आणि राहून गेलं.

१ मे

काल दुपारी मी डोळे मिटून पडले होते. तिला वाटलं झोपले. खिडकीशी उभी राहून बोटीवरच्या सोबत्याशी फोनवर बोलत होती. बदली माणूस कसा आहे, तेल वेळेवर बघतो का, असं सगळं. तिकडून काहीतरी सांगितलं असावं, कारण ही म्हणाली, जूनच्या मध्यापर्यंत नाही आले तर तोच कायम होणार, माहीत आहे मला. मग अगदी हळू म्हणाली, ए, फोन जरा इंजिनापाशी धर ना.

आणि ऐकत उभी राहिली. फोन कानाला असा दाबून धरला होता की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या हातानं खिडकीच्या लाकडावर ठेका धरला होता, धड धड धड. डोळे मिटलेले. माझ्या पोरीच्या तोंडावर तसं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. पण ओळखलं मी ते. पट्टीच्या दिवशी ती स्टूल ओढते तो आवाज आला की माझं तोंड तसंच होत असणार.

मी कूस बदलली नाही. पाय मात्र पट्टीच्या आत ठणकत राहिला.

आता हे पुरे.

४ मे

आज मला बसून सांगता येतंय, म्हणून सांगते. परवा घोळ केला.

लेक सकाळीच बाहेर पडली. बोटीच्या इथल्या कचेरीत जाऊन रजा वाढवून मागते म्हणाली. मी मनात म्हटलं, ती रजा मागून यायच्या आत मी पाय बरा करायला घेते. एवढे दिवस सैल ठेवून जखम अडवली, तर आता दुप्पट आवळून दुप्पट भरेल, असा माझा हिशेब. चिमटी काढली, पट्टी सोडली, आणि बांधायला बसले.

आणि हातांनी जे येतं तेच केलं. शिवून झालेली पुस्तकं छापखान्याला परत जायची, त्यांचे गठ्ठे मी बांधायची. खालून सुतळी नुसती फिरवत आणायची आणि वर आल्यावर गुडघा लावून जीव खाऊन आवळायची. वर ढिला राहिला तर गठ्ठा उचलताना सुटतो. तशीच पट्टी बांधली. घोट्याशी फिरवली आणि गुडघ्याखाली दात-ओठ खाऊन आवळली. वर गाठही मारली. छान दिसत होतं. कुणालाही पाठवायला तयार.

दुपारपर्यंत पाऊल बधिर. मला वाटलं काम करतंय. संध्याकाळी बोटं वांग्यासारखी झाली आणि मी गाठ सोडायला गेले तर ती मीच मारलेली, ह्यांनासुद्धा कधी सुटली नव्हती. बाईंना हाका मारल्या. बाई बाहेर गेल्या होत्या.

लेक आली ती कात्री घेऊन गुडघ्यावरच बसली. पट्टी कापली, पाय वर धरला, उशा लावल्या, पंजा चोळला नाही, नुसता हातात धरून ठेवला. रंग हळूहळू परत आला तेव्हा तिनं वर बघितलं.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"का?"

"लवकर बरा व्हावा म्हणून."

तिनं कापलेली पट्टी गोळा केली. मग म्हणाली, "सैल केलंस तेव्हा मी काही म्हणाले का, आई? सैल चाललं असतं मला. हे असं नको करूस."

सैलाचं काय मध्येच काढलं कुणास ठाऊक. घाबरलं की माणूस काहीही बोलतं. मी तिथे न अडकता पुढे गेले, कारण मला जे म्हणायचं होतं ते मी दिवसभर घोकून ठेवलं होतं.

"तू जा," मी म्हटलं.

"कुठे?"

"बोटीवर. आता तू बांध, मी हात लावणार नाही. भरली जखम की जायचं. जूनच्या आत."

"आणि मला नसलं जायचं तर?"

"तुला जायचंय. फोन कानात घुसवायचा तेवढा राहिला होता, मी बघितलं."

तिनं कपाळ माझ्या चांगल्या गुडघ्यावर टेकवलं. रडत होती की नाही ते दिसलं नाही. डोक्याला केवढं वजन असतं. पोरं लहान असताना ते आपल्याला पाठ असतं, मग विसरतं. मी तिच्या केसांवर हात ठेवला. म्हटलं, ताप नाही.

मागाहून विचारलं, रजेचं काय झालं? म्हणाली, मागितलीच नाही. कचेरीच्या दारापर्यंत गेले आणि मग बंदरावर जाऊन बसले. दिवसभर? दिवसभर. बोटी बघत? नाही, म्हणाली, बोटींकडे पाठ करून.

आमच्या घराण्यात सरळ कुणी नाही.

२१ मे

पट्टीला हात लावला नाही. हात मांडीखाली घेऊन बसते. रेघ आता सोडताना सरळच असते. लेक ती बघते आणि काही म्हणत नाही. आधीही म्हणत नव्हतीच, पण आताचं गप्प बसणं वेगळं आहे. जखम मटाराएवढी.

८ जून

बंद झाली. सिस्टरनं बोट फिरवून बघितलं. कातडी नवी, चकचकीत, कागदासारखी. डॉक्टरांनी पाठ थोपटली, माझी नव्हे, लेकीची. तुकडा काढायचा विषय संपला. पण शिरा काही तरुण झालेल्या नाहीत, म्हणून पट्टीच्या जागी आता घट्ट मोजा, गुडघ्यापर्यंतचा, जन्मभर. सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी चढवायचा, झोपताना काढायचा. सोडला तर जखम परत येईल, डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. मी छताकडे बघितलं.

लेकीनं शेवटची पट्टी सोडली ती गुंडाळून ठेवायला लागली. मी म्हटलं, टाक ती. तिनं टाकली.

११ जून

गेली. जिन्यावरून खाली जाताना दोन मजले दिसते, मग दिसत नाही. खालून हाक मारली, मोजा घाल. मी वरून म्हटलं, तेल बघ.

१९ जून

मोजा चढवणं हे एकटीचं काम नाही. तो मेला इतका घट्ट आहे की वाटतं लहान मुलाचा आणला चुकून. टायपिस्टबाई रोज सकाळी स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घालून येतात, म्हणजे पकड बसते. मी पाय देते, त्या ओढतात. त्या म्हणतात, ढकला. मी म्हणते, कुठे ढकलू, पाय संपला. परवा बाई मागच्या मागे खुर्चीत पडल्या आणि मोजा हातात. कचेरीत पस्तीस वर्षांत असं काम पडलं नव्हतं म्हणाल्या. मी म्हटलं, साहेबांचे पाय बरे असतील.

एकदा चढला की मात्र दिवसभर विसरता येत नाही. घोट्याशी घट्ट, वर जाताना हलका. कुणीतरी पाय धरून बसलं आहे आणि घाईत नाही, असं. स्वयंपाक करते तेव्हा असतं, गॅलरीत फिरते तेव्हा असतं. फिरताना कोपर आपलं आपणच सांभाळायचं. लेकीचा फोन रविवारी येतो. काय बोलायचं ते दोघींनाही येत नाही. ती विचारते, घट्ट आहे ना? मी म्हणते, आहे. मग थोडा वेळ दोघी तशाच.

रात्रीचा भाग मला आवडत नाही. बाई येतात, मोजा उलटा करत खाली ओढतात, आणि पाय एकदम हलका होतो. सिस्टरला वाटतं हलकं झालं की बरं वाटत असेल. कातडीवर मोज्याच्या विणीचे वळ उठलेले असतात. ते मी बोटांनी चाचपते. चाचपता चाचपता बुजतात.

आताही बाई त्याचसाठी आल्या आहेत. म्हटलं, आधी लिहून घ्या, मग काढा. लिहिलं त्यांनी एवढं. शहाण्या आहेत, घाई करत नाहीत, पण डोळे मिटायला लागलेत त्यांचे. म्हणतात, आजी, झालं का? काढू? म्हटलं, थांबा, अजून एक सांगायचं राहिलंय. काय, म्हणतात. आठवते आहे, बाई. तुम्ही पेन खाली ठेवू नका.